भेटी साडेसहाशे, फोन एकही नाही: ट्रॅफिक एक्सचेंजची परत परत येणारी अडचण

ही तक्रार मी आजवर इतक्या जणांकडून ऐकली आहे की आता एकदा सविस्तर लिहूनच ठेवते. वेबसाइटवर भेटी भरपूर दिसतात, पण विचारणा होत नाही. ट्रॅफिक एक्सचेंज म्हणजे दुसऱ्यांच्या साइट ठरावीक सेकंद पाहून क्रेडिट जमवायचं आणि त्या बदल्यात आपली साइट इतरांना दाखवून घ्यायची, अशी सेवा. तिथलं क्रेडिट संपलं की दुसऱ्या दिवशी आलेख सपाट होतो. माणूस घाबरतो, पुन्हा क्रेडिट जमवायला बसतो, आकडा वर चढतो, आठवड्याने पुन्हा खाली येतो. दर वेळी प्रश्न एकच असतो: सेटिंगमध्ये काय चुकलं?

मी चिपळूणला राहते आणि छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट सांभाळते. ताजं उदाहरण गुहागरजवळच्या एका घरगुती निवासाचं आहे. तीन खोल्या, मागे नारळी-पोफळीची वाडी, स्वयंपाक काकूंच्या हातचा. काकांचा सकाळीच फोन आला, "अगं, काल साडेसहाशे लोक येऊन गेले म्हणे आपल्या साइटवर. फोन एक नाही आला. नंबर चुकलाय का बघ बरं." नंबर बरोबर होता. साइटवर दिलेल्या बटणावरूनच मी फोन लावला, तर काकूंनी उचलला. मग विचारलं, साडेसहाशे हा आकडा आला कुठून? पुतण्याने आठवडाभर रात्री बसून "दुसऱ्यांच्या साइट बघितल्या की ते आपली बघतात" असं काहीतरी केलं होतं. मुलाने मेहनत खरी केली होती, हे मी आधीच सांगते. अशा ठिकाणी मेहनत करणारी माणसंच जास्त अडकतात, म्हणून मला हा विषय लागून राहतो.

दुखणं तेच आहे ना, हे आधी तपासा

गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या गूगलच्या साधनात, रिपोर्ट्स, त्यात अ‍ॅक्विझिशन, त्यात ट्रॅफिक अ‍ॅक्विझिशन उघडा आणि वरच्या पट्टीतून सेशन सोर्स आणि मीडियम निवडा. बहुतेक एक्सचेंज तुमचं पान आपल्या पानात चौकट करून दाखवतात, त्यामुळे तिथून आलेली भेट त्यांच्या डोमेनच्या नावापुढे 'रेफरल' (दुसऱ्या साइटवरून आलेली) म्हणून दिसते. तुम्ही कधी न ऐकलेल्या डोमेनकडून शेकडो भेटी आल्या असतील तर अर्धं निदान तिथेच झालं. मात्र काही एक्सचेंज मूळ पत्ता लपवतात. मग त्याच भेटी 'डायरेक्ट' या ढिगात जाऊन पडतात आणि मालकाला वाटतं, लोक आपलं नाव टाइप करून येताहेत.

म्हणून दुसरी खूण बघा: देश. पान मराठीत, खोल्या गुहागरला, आणि भेटी पाच-सहा परक्या देशांतून सारख्या प्रमाणात येत असतील तर त्या पाहुण्यांच्या नव्हेत. परदेशातली मराठी माणसं सुट्टीत गावी येताना खोली शोधतात हे खरं, पण ती अशी ठरावीक वेळी शेकड्यांनी येत नाहीत. शहराच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नका. मोबाइल नेटवर्कवरच्या माणसाचं शहर बऱ्याचदा भलतंच दिसतं.

आता जिथे बहुतेक जण फसतात ते सांगते. अ‍ॅनालिटिक्सच्या हिशोबात भेट 'एंगेज्ड' ठरायला तीनपैकी एक गोष्ट पुरते: १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ थांबणं, दोन किंवा जास्त पानं पाहणं, किंवा तुम्ही ठरवलेली महत्त्वाची कृती घडणं. एक्सचेंजचा टायमर १५-२० सेकंदांचा असला तर समोरचा माणूस नुसता वाट बघत बसला तरी भेट 'एंगेज्ड' धरली जाऊ शकते. काकांच्या साइटवर तसंच झालं होतं, आणि ते टक्के बघून पुतण्याला वाटलं की लोक रस घेताहेत. ही मर्यादा अ‍ॅडमिनमध्ये जाऊन ६० सेकंदांपर्यंत वाढवता येते. लेखांची किंवा माहितीची साइट असेल तर वाढवाच.

त्याहून भरवशाची खूण म्हणजे स्क्रोल. पान जवळपास शेवटपर्यंत, ९० टक्क्यांपर्यंत खाली सरकवलं की अ‍ॅनालिटिक्स आपण होऊन 'स्क्रोल' ही घटना नोंदवतं. पान पुरेसं लांब असेल, भेटी साडेसहाशे असतील आणि स्क्रोल बोटांवर मोजण्याइतके, तर कोणी वाचलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकवरची क्लिकसुद्धा बाहेरच्या लिंकची क्लिक म्हणून आपोआप मोजली जाते. फोन नंबरच्या बटणावरची क्लिक तशी मोजली जात नाही, ती गूगलच्या टॅग मॅनेजर या साधनातून वेगळी लावून घ्यावी लागते. छोट्या व्यवसायाला सगळ्यात मोलाच्या याच दोन क्लिक आहेत, त्यामुळे तेवढं काम कुणाकडून तरी करून घ्या.

तरीही शंका उरली तर सोपी परीक्षा आहे. एक्सचेंजमध्ये आपली साइट तासभर थांबवून ठेवा आणि रिअलटाइम रिपोर्ट उघडा. त्यात मागच्या ३० मिनिटांचे लोक दिसतात. आकडा शून्यावर आला तर कळलंच.

चौकटीच्या त्या बाजूला काय चाललेलं असतं

काकांना हे नुसतं सांगून पटलं नसतं, म्हणून पुतण्याला त्याच्या खात्यात जायला सांगून आम्ही तिघं स्क्रीनसमोर बसलो. वर एक पट्टी, पट्टीत उलटे मोजणारे आकडे, २०, १९, १८. खाली कुणाची तरी वेबसाइट, जेमतेम अर्धी दिसणारी. आकडे शून्यावर आले की पट्टीत चार-पाच छोटी चित्रं येतात: एक झाड, एक गाडी, एक मासा, परत एक मासा. जोडीतल्या एकावर टिचकी मारली की क्रेडिट जमा, पुढची साइट हजर. मी काकांना विचारलं, "आत्ता गेलेली साइट कसली होती?" ते म्हणाले, "कोण जाणे, मी मासा शोधत होतो."

पलीकडे तुमची साइट उघडते तेव्हा तिथला माणूसही मासाच शोधत असतो. त्याला खोली नको आहे, हापूस नको आहे, तुमचा लेख नको आहे. त्याला त्याच्या स्वतःच्या साइटसाठी क्रेडिट हवं आहे. माणूस खोटा नाही, भेटही खोटी नाही, पण त्याचं इथे काही कामच नाही. ही गोष्ट मथळा बदलून, फोटो बदलून, पान वेगवान करून बदलत नाही. सेटिंगमध्ये काही चुकलेलं नसतं, म्हणूनच सेटिंग बदलून ते बरं होत नाही.

पुतण्याच्या एक्सचेंजमध्ये दोन साइट पाहिल्यावर आपली एकदा दाखवली जात होती. एका भेटीसाठी ४० सेकंद. साडेसहाशे भेटींचे झाले २६,००० सेकंद, म्हणजे सात तास तेरा मिनिटं. हे आकडे मी कागदावर मांडले तेव्हा तो मुलगा गप्प झाला. त्याच्याकडे बघून मला वाईट वाटलं, कारण त्याच सात तासांत त्याने वाडीचे, खोल्यांचे, वाटेचे धड फोटो काढून चढवले असते.

देवाणघेवाणीची कल्पना मुळात वाईट नव्हती. १९९६ साली अमेरिकेत टोनी शे आणि संजय मदन यांनी लिंकएक्सचेंज सुरू केलं. तिथे आपल्या पानावर दोनदा दुसऱ्यांच्या जाहिरातीची पट्टी दाखवली की आपली पट्टी दुसरीकडे एकदा दाखवली जायची. उरलेला अर्धा हिस्सा कंपनी जाहिरातदारांना विकायची. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी सुमारे २६.५ कोटी डॉलरला घेतली. पण तिथे पट्टी दिसायची ती दुसरं काहीतरी वाचायला आलेल्या माणसाला, आणि रस वाटला तरच तो टिचकी मारायचा. आजच्या ट्रॅफिक एक्सचेंजमध्ये तो वाचायला आलेला माणूसच नाही.

एक अपवाद आहे, तोही सांगते. तुम्ही विकत असलेली वस्तू याच लोकांच्या कामाची असेल, म्हणजे वेबसाइट बनवणाऱ्यांना, ऑनलाइन जाहिरात करणाऱ्यांना लागणारं एखादं साधन, तर त्या गर्दीत तुमचा गिऱ्हाईक असू शकतो. तेव्हाही साइटचं मुख्य पान देऊ नये. एक वाक्य, एक ईमेलचा रकाना, वीस सेकंदांत समजेल असं वेगळं पान द्यावं. खोल्या, आंबे, पुस्तकं, शिकवण्या, पाककृती यांचा त्या गर्दीशी संबंध नाही.

बंद करताना होणाऱ्या चुका

पहिली चूक फार पसरलेली आहे. अ‍ॅनालिटिक्समध्ये नको असलेल्या रेफरलची यादी करता येते. लोक एक्सचेंजचं डोमेन त्या यादीत टाकतात आणि समजतात, भेटी अडल्या. त्या अडत नाहीत. त्या यादीमुळे भेटीवरचं रेफरलचं नाव तेवढं जातं आणि तीच भेट डायरेक्टमध्ये मोजली जाते. आता खरी आणि उसनी माणसं एकाच रकान्यात मिसळली आणि निवडणं अवघड झालं. ज्यांनी आधीच टाकलं असेल त्यांनी ते डोमेन यादीतून काढावं.

दुसरी चूक: आपलं खातं बंद केलं म्हणजे झालं असं धरणं. कित्येकदा साइट तुम्ही टाकलेलीच नसते. साइट बनवून देणाऱ्याने किंवा 'महिन्यात हजार व्हिजिटर' असं सांगून पैसे घेतलेल्याने ती त्याच्या खात्यात टाकलेली असते. तुमच्या हातात ते खातं नसेल तर सर्व्हरवरूनच दार लावा. एक्स-फ्रेम-ऑप्शन्स नावाचा हेडर, म्हणजे सर्व्हरने पानासोबत ब्राउझरला पाठवलेली सूचना, 'सेमओरिजिन' असा लावला की दुसऱ्याच्या पानातल्या चौकटीत तुमचं पान उघडत नाही, रिकामी चौकट दिसते. पान चाललंच नाही, तर अ‍ॅनालिटिक्सही चालत नाही आणि जाहिरातीही. अपाची सर्व्हरवर वर्डप्रेस असेल तर एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये एका ओळीचं काम आहे. वर्डप्रेसचं स्वतःचं काम याने अडत नाही, कारण ते त्याच डोमेनवरून चालतं. फाइलची आधी प्रत काढून ठेवा. ब्लॉगस्पॉटवर हेडर आपल्या हातात नसतो. तिथे एक्सचेंजमधून पत्ता काढून घेणं हाच मार्ग, किंवा पान चौकटीत उघडलं असेल तर अ‍ॅनालिटिक्स सुरूच होऊ नये अशी छोटी स्क्रिप्ट थीममध्ये घालणं.

ऑटोसर्फचं प्रकरण थोडं वेगळं. काही ऑटोसर्फमध्ये एक प्रोग्राम संगणकावर रात्रभर चालू राहतो आणि स्वतःच साइट उघडत जातो, समोर माणूससुद्धा नसतो. हे प्रोग्राम पान सरळ उघडत असतील तर हेडरचा उपयोग होत नाही. अशा वेळी साइटपुढे क्लाउडफ्लेअरसारखी सेवा लावून संशयास्पद भेटींना पडताळणीचं पान दाखवावं. तिच्या मोफत खात्यातही असे काही नियम लावता येतात.

शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट असतात तिथे, आणखी एक दुखणं जोडीला येतं. एकाच मिनिटात पुष्कळ जण आले की '५०८ रिसोर्स लिमिट इज रीच्ड' असं पान दिसू लागतं. होस्टिंगवाले मोठा प्लॅन घ्यायला सांगतात. घेऊ नका. आधी सीपॅनेलमधून (होस्टिंगच्या नियंत्रण पानावरून) रॉ अ‍ॅक्सेसची फाइल उतरवा आणि कोण येतंय ते पाहा. उसन्या गर्दीसाठी मोठं घर भाड्याने घेण्यात पैसे घालवलेले मी पाहिले आहेत.

साइटवर जाहिराती असतील तर आजच थांबवा

यात थोडाही उशीर नको. क्लिकसाठी किंवा साइट पाहण्यासाठी पैसे देणाऱ्या सेवा, ऑटोसर्फ आणि क्लिकची अदलाबदल, या सगळ्यांतून आपल्या जाहिरातींवर भेटी किंवा क्लिक आणायला, साइटवर जाहिराती दाखवून कमाई करून देणाऱ्या गूगल अ‍ॅडसेन्सच्या धोरणात स्पष्ट मनाई आहे. एक्सचेंजमधल्या पानावर अ‍ॅडसेन्सची जाहिरात असेल तर आधी जाहिरात काढा, मग साइट एक्सचेंजमधून काढा. हा क्रम उलटा करू नका, कारण साठलेलं क्रेडिट खर्च होईपर्यंत भेटी चालूच राहू शकतात.

अंदाजित कमाई आणि महिन्याअखेर नक्की झालेली कमाई यांत तफावत दिसली, तर बहुधा अवैध भेटींची वजावट झालेली असते. 'जाहिराती दाखवण्यावर मर्यादा' अशी सूचना आली असेल तर तीही बहुधा याचीच खूण असते. तेव्हा नवी क्लृप्ती करू नका. उसन्या भेटी पूर्ण थांबवा, कोणत्या तारखेला काय थांबवलं ते लिहून ठेवा आणि मर्यादा उठायची वाट पाहा. खातं बंदच झालं असेल तर दाद मागायचा अर्ज असतो. त्यात जे केलं ते सरळ लिहा, तारखांसकट. आणि कृपा करून बायकोच्या, भावाच्या, वडिलांच्या नावाने दुसरं खातं उघडू नका. सल्ला देणारे पुष्कळ भेटतील, पण साइट तीच असल्याने ते खातंही बंद होऊ शकतं आणि घरच्या माणसाचं नाव त्यात विनाकारण अडकतं.

पैसे भरायला सांगणारं एक्सचेंज असेल, 'इतके भरा, रोज साइट पाहा, रोज टक्केवारी मिळेल', तर तो वेबसाइटचा विषयच राहत नाही. अमेरिकेत १२डेलीप्रो नावाच्या ऑटोसर्फने बारा दिवस रोज १२ टक्के द्यायचं कबूल केलं होतं. आधीच्यांना नंतरच्यांच्या पैशांतून देण्याचा तो खेळ २००६ मध्ये तिथल्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने कोर्टात नेऊन थांबवला. तोवर तीन लाखांहून जास्त लोकांचे पैसे त्यात गेले होते. आपल्याकडे फोनवर 'व्हिडिओ लाइक करा, रिव्ह्यू टाका, टास्क पूर्ण करा' असे संदेश येतात, त्यांची रीत हीच आहे. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. तिथे वेळ फार महत्त्वाची असते.

आलेख पडतो तेव्हा

अडचण परत का येते, याचं उत्तर इथे आहे. सगळं बंद केलं की दुसऱ्या दिवशी आलेखात कडा कोसळल्यासारखं दिसतं. काकांच्या साइटवर साडेसहाशेचे नऊ झाले. काकांचा आवाज फोनवर बसलेला होता, "सगळे गेले गं." मी त्यांना म्हटलं, "काका, गेलं कोणीच नाही. हे नऊ जण आधीपासून येतच होते, त्या गर्दीत दिसत नव्हते." त्या नवांपैकी सात गूगलवरून आले होते. लोक गूगलवर काय शोधून साइटवर येतात ते दाखवणारा सर्च कन्सोल उघडला तर काय टाइप केलं होतं तेही मिळालं. गुहागरला घरगुती जेवण मिळतं का, चिपळूण स्टेशनहून गुहागरला कसं जायचं, आणि दोन ठिकाणी दाभोळची फेरीबोट. काकांच्या साइटवर यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं. होते ते फक्त खोल्यांचे फोटो आणि 'निसर्गाच्या सान्निध्यात' असं एक वाक्य.

पुढचं सगळं काम या तीन प्रश्नांतून निघालं. काकूंनी काय रांधतात ते सांगितलं आणि मी तसंच उतरवून घेतलं: शाकाहारी ताट, मोदक आधी सांगितले तर, मासळी बाजारात मिळेल त्याप्रमाणे. चिपळूण स्टेशनहून सुमारे ४५ किलोमीटर, एसटी कुठून सुटते, रात्री उशिरा उतरलात तर काय करायचं. दापोलीकडून येणाऱ्यांसाठी दाभोळ ते धोपावे फेरीबोटीचं वेगळं पान. गाडी बोटीत चढते, त्यामुळे खाडीला वळसा पडत नाही, हे पुण्या-मुंबईच्या बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं. पुतण्याने स्वतः जाऊन गाडी बोटीवर चढतानाचा फोटो काढून आणला. तो त्या साइटवरचा सगळ्यात चांगला फोटो आहे.

गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट असतं आणि नकाशावर खोली शोधणारा माणूस आधी तेच बघतो. तिथला फोन, वेळ, फोटो नीट केले. जाऊन आलेल्या पाहुण्यांना निघताना अभिप्राय लिहायची विनंती काकू स्वतः करतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या लिंकला यूटीएमची शेपटी, म्हणजे भेट कुठून आली ते सांगणारे शब्द, जोडली, नाहीतर त्या भेटीही डायरेक्टच्या ढिगात जातात आणि पुन्हा संशय सुरू होतो.

खरी देवाणघेवाणही सुरू झाली. वेळणेश्वरला आणि हेदवीला काकांच्या ओळखीची दोन घरं आहेत. आपल्याकडे जागा भरली की पाहुण्याला तिकडे पाठवायचं, ही रीत आधीपासून होती. आता तिन्ही साइटवर 'इथे जागा नसेल तर' असा एक परिच्छेद आणि एकमेकांची लिंक आहे. गूगल लिंकच्या घाऊक अदलाबदलीला स्पॅम मानतं, पण पाहुण्याच्या उपयोगी पडणाऱ्या दोन लिंक हा घाऊक व्यवहार नव्हे.

पंधरा दिवसांनी आलेख अजून खालीच होता, नऊचे चौदा-पंधरा झाले होते. काकांनी आकडा विचारला नाही. त्यांनी सांगितलं की पुण्याहून एका बाईंचा फोन आला होता, फेरीबोटीचं पान वाचून: मोठी गाडी चढते का, आणि सोबत सासूबाई आहेत, जिना किती पायऱ्यांचा आहे. पायऱ्यांचं साइटवर नव्हतं. पुतण्याने मोजल्या, अकरा आहेत. तळमजल्यावरच्या खोलीला एकही नाही. ते त्याच संध्याकाळी पानावर चढवलं.